हांतरीचं टोक

दुपारी जेवणं झाली की ओटीवर हांतरी पसरते, पण पुरती पसरत नाही. एक टोक वर उठून बसतं. कुणी त्यावर तांब्या ठेवतं, कुणी पायाचा अंगठा दाबून धरतं, आणि डोळा लागला की टोक हळूच पुन्हा वर येतं. उलट्या बाजूने गुंडाळून तासभर ठेवली तर सरळ होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. करत कुणीच नाही.

शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशाचंही तेच. वर दांडा, खाली दांडा, मध्ये कापडावर चिकटवलेला महाराष्ट्र. तास संपला की खालून गुंडाळत जायचं. म्हणजे पहिला वेढा सिंधुदुर्गाचा, दांड्याला सगळ्यात घट्ट. दांडा जितका बारीक तितकी मोड कडक. छापील बाजू बाहेर राहिली तर कागद ताणून तडकतो, आत राहिली तर सुरकुततो. वापरून जुन्या झालेल्या नकाशात सावंतवाडीच्या आसपास आडव्या भेगा, आणि वरचं नंदुरबार कोरं करकरीत. 1981 साली नवा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा नकाशावर सर्वांत आधी म्हातारा.

आता लॅपटॉपचा पडदाही या बिरादरीत आला आहे. जानेवारी 2025 मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात लेनोवोने थिंकबुक लॅपटॉपचा रोलेबल, म्हणजे गुंडाळत्या पडद्याचा अवतार विक्रीसाठी जाहीर केला. बंद-उघड नेहमीसारखीच, पडदा 14 इंची. एक बटण दाबलं की आतल्या मोटरी कुरकुरतात आणि पडदा उंच होत 16.7 इंची होतो. हे आकडे कर्णाचे. रुंदी तेवढीच राहते, उंची साधारण चार इंचांनी, म्हणजे जेमतेम अर्धी वीत वाढते. पडद्याच्या एका आडव्या ओळीत 2000 ठिपके (पिक्सेल), अशा 1600 ओळी असतात, त्यांच्या 2350 होतात. म्हणजे पडदा खाली असताना विकत घेतलेल्या ओळींपैकी जवळजवळ एक तृतीयांश झाकलेल्या. किंमत सांगितली होती 3,499 डॉलर, तेव्हाच्या दराने तीन लाखांच्या घरात.

नाव रोलेबल असलं तरी हांतरीसारखी वळकटी यात होत नाही. उरलेला पडदा बिजागरीपाशी एकदा वळतो आणि कीबोर्डच्या खाली जाऊन सपाट पडून राहतो. पदर कमरेला खोचावा तसा. खरी गुंडाळी एलजीच्या 65 इंची टीव्हीत होती, 2019 मध्ये दाखवलेल्या. तो अख्खा पेटीत उतरायचा.

वळणं जमतं ते ओएलईडीमुळे. मागून उजेड टाकणारा दिवा नाही, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, आणि खाली काचेऐवजी पॉलिइमाइडचं पातळ प्लॅस्टिक. वळताना बाहेरचा थर ताणला जातो, आतला चेपला जातो. मधोमध एक पातळी अशी असते जिथे दोन्ही होत नाही. नाजूक थर तिथेच बसवायचे. नकाशावाल्याला एवढं सुचलं असतं तर सावंतवाडी वाचली असती.

चाचणीत 20 हजार वर-खाली फेऱ्या केल्याचं सांगतात. दिवसाला दहा धरल्या तर साडेपाच वर्षं. पण ती चाचणी काही दापोलीच्या किनाऱ्यावर झालेली नसावी. इथे पडद्याआधी काळजी करायची ती पडदा ज्या फटीतून खाली जातो तिची. बाजारातलं लोखंडी शटर मध्यावर गंजत नाही, खालच्या पट्टीला आणि दोन्ही बाजूंच्या खाचांत गंजतं, कारण खारं वारं तिथेच थांबतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं, आणि पावसाळ्यात इथे 75 म्हणजे कोरडा दिवस. ओएलईडीचं रसायन तर ओलाव्याचं हाडवैरी. त्यावर संरक्षक थर असतात, पण खाचेतल्या वाळूच्या कणाला त्याचं काय?

म्हणून पडदा खाली नेण्याआधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकावी, मगच फडक्याने पुसावं, तेही न दाबता. आधी फडकं फिरवलं तर कण घासले जातात. मुंबईहून एसी गाडीने आलेला लॅपटॉप घरात शिरताच उघडू नये, अर्धा-एक तास पिशवीतच राहू द्यावा. थंड धातूवर दमट हवेचं पाणी धरतं. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, निळ्या दाण्यांच्या, गुलाबी झाले की बदलायला. तांदळाच्या डब्यात लॅपटॉप पुरणाऱ्यांनी कोंड्याचा विचार करावा.

आणखी एक. कायम उघडी राहणारी वरची बाजू जास्त तास जळते, खोचलेली कमी. ओएलईडी जळण्याने मंदावतो. काही वर्षांनी पूर्ण उंचीत खालची पट्टी वरच्यापेक्षा टवटवीत दिसण्याची शक्यता आहेच. माळ्यावरची हांतरी उलगडली की बाहेरचा वेढा विटलेला आणि आतला कालच विणल्यासारखा, तसं.

एवढं सांभाळून त्या चार इंचांत बघायचं काय? उभा पडदा उभ्या कागदाला बरा. कोकणात उभा कागद म्हटला की सातबारा. चौदा इंचांवर अर्धे सहहिस्सेदार दिसतात. बटण दाबलं, पडदा सावकाश वर आला, मुंबईचे काका आले, बडोद्याची आत्या आली, कधीच वारलेले दोघे आले. आणि खाली सरकवायची पट्टी अजून तशीच शिल्लक.