४,२९,४९,६७,२९७ चे अवयव हाताने पाडताना

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ येते. याच घडणीच्या, म्हणजे २ च्या १, २, ४, ८, १६ व्या घातात १ मिळवून येणाऱ्या, आधीच्या पाचही संख्या (३, ५, १७, २५७, ६५,५३७) मूळ आहेत. त्यावरून पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं फर्मा या गणितज्ञाला वाटलं. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने हिचा विभाजक काढला: ६४१.

त्यासाठी ६५,५३६ पर्यंतच्या हजारो मूळ संख्यांनी भागत बसावं लागत नाही. एखादी मूळ संख्या हिला भागत असेल, तर तिने भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ आणि ६४ व्या घाताची १ येते. त्याआधी १ कधीच येत नाही. आणि फर्माच्याच नियमानुसार, विभाजकापेक्षा १ ने कमी अशा घाताचीही बाकी १ येते. म्हणून त्या विभाजकातून १ वजा केला की ६४ ने भाग जायलाच हवा. अशा मूळ संख्या ६४१ पर्यंत पाचच: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पुढे ल्युका या गणितज्ञाने ६४ च्या जागी १२८ आणले, मग त्यातल्या दोनच उरतात, २५७ आणि ६४१. संख्या केवढी मोठी आहे यापेक्षा ती कशी बनली आहे हे आधी बघावं, ते यासाठी.

पडताळा चार ओळींचा आहे. २ चा १६ वा घात ६५,५३६. त्यातून ६४१ × १०२ = ६५,३८२ वजा केले की १५४. त्याचा वर्ग २३,७१६, त्यातून ६४१ × ३६ = २३,०७६ गेले की ६४०. १ मिळवला, ६४१ झाले, भाग निःशेष गेला.

दुसरा अवयव ६७,००,४१७. त्याचं वर्गमूळ २,५८८ च्या आसपास. २५७ ने सुरुवातीच्या संख्येलाच भाग जात नाही, त्यामुळे तपासायचे फक्त ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२. म्हणजे हा अवयव मूळ आहे.

फसगत होते ती फर्माच्या कसोटीत: एक पाया घ्यायचा, तपासायच्या संख्येपेक्षा १ ने कमी असा त्याचा घात काढायचा, त्याला त्या संख्येने भागायचं; बाकी १ आली नाही तर संख्या मूळ नाही. २ हा पाया घेतला तर ही संख्या मूळ असल्यासारखी वागते. २ च्या ६४ व्या घाताची बाकी १, आणि संख्येतून १ वजा केल्यावर उरणाऱ्याला ६४ ने भाग जातो, तेव्हा कसोटीत १ येणारच. पाया ३ घ्या, बिंग लगेच फुटतं.

प्रोग्राम लिहिताना आणखी जपा. ३२ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात ही संख्या चक्क १ म्हणून साठते. ६४ बिटांतही या कसोटीतली पाया २ ची वर्गसाखळी (बाकीचा पुन्हा पुन्हा वर्ग करत जाणं) ऐन मोक्याला तुटते: बाकी २ चा ३२ वा घात झाली की तिचा वर्ग मावत नाही, ० उरतो. मग प्रोग्राम ‘संयुक्त’ म्हणतो. उत्तर बरोबर, कारण साफ चूक. असा दोष सापडायला फार वेळ लागतो, म्हणून गुणाकार १२८ बिटांतच करा.

आणि मला हिचं सर्वात आवडणारं रूप: ६५,५३६ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज ही, ६२,२६४ आणि २०,४४९ यांच्या वर्गांची बेरीजही हीच. मूळ संख्या दोन वर्गांत दोन तऱ्हांनी मांडताच येत नाही.