टेप पट्टी खातो तेव्हा

आज एक जुना टेपरेकॉर्डर उघडला. तक्रार नेहमीचीच: आवाज लहरतो, मधूनच कॅसेटची पट्टी गुंडाळून खातो. दोष बहुधा पिंच रोलरचा, म्हणजे पट्टी दाबून धरणाऱ्या छोट्या रबरी चाकाचा. आपल्या विदर्भातला ४५ अंशांचा उन्हाळा आणि माळ्यावरची धूळ. रबर कडक होऊन चमकायला लागतं, मग पट्टी कॅपस्टनवर, म्हणजे तिला ओढणाऱ्या धातूच्या बारीक फिरत्या दांड्यावर घसरते. वेग सेकंदाला जेमतेम ४.७६ सेंटिमीटर, त्यामुळे जराशी घसरणही कानाला कळते.

आधी कॅपस्टन. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, तपकिरी थर निघेपर्यंत. (कापसाची इथं काय कमी!) रोलरला मात्र साबणपाण्याचं ओलसर फडकं पुरे. रॉकेल, पेट्रोल, थिनर अजिबात नको, रबर फुगतं. चमक गेलीच नाही तर रोलर काढून ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर हलक्या हातानं, सगळीकडून सारखा फिरवा. एकीकडे जास्त घासला गेला की पट्टी वर-खाली सरकते आणि कडा चुरगळते. रोलर ज्या आसावर फिरतो त्यावर मशीन तेल सुईच्या टोकाला लागेल तेवढंच, पूर्ण थेंबही नको. रबराला लागलं तर सगळी मेहनत पाण्यात. भेगा पडल्या असतील किंवा रबर चिकट झालं असेल तर नवाच रोलर. व्यास, रुंदी, भोक मोजूनच मागवा.

तरी पट्टी खातोच? मग पट्टी गुंडाळणारं चाक बघा, बेल्ट ढिला असतो. चाचणीला मात्र रद्दीतली कॅसेट लावा, लग्नाची नको.