टवका उडालेला काठ

गेले काही आठवडे, रात्रीची जेवणे आटोपली की मी वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टच्या संग्रहातील काही जुनी जलरंगचित्रे पाहत बसते. विषय एकच आहे : पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन कुटुंबांची लाल मातीची भांडी. महामंदीत बेकार झालेल्या चित्रकारांना अमेरिकी सरकारने जी कामे दिली, त्यांपैकी ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ हे एक होते आणि १९३५ ते १९४२ या काळात त्यांनी देशभरातील जुन्या वस्तूंची सुमारे १८,००० चित्रे काढली. रंगीत छायाचित्रण तेव्हा महाग होते, त्यातील रंगांचा भरवसाही नव्हता. म्हणून हे काम कुंचल्याकडे आले.

हे कुंभार लाल मातीच्या ताटावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप देत आणि तो पुरता वाळण्याआधी टोकदार हत्याराने ट्यूलिपची फुले, पक्षी, कधी घोडेस्वार कोरत, म्हणजे रेघेरेघेतून खालचा लाल रंग उघडा पडे. मग तांब्यापासून केलेल्या हिरव्या रंगाचे शिंतोडे येत आणि शिशाच्या झिलईने पांढऱ्याला मधासारखी पिवळसर झाक चढे. काठाभोवती जर्मन बोलीतील ओळी असत. त्यांतल्या एकीचा अर्थ असा, की मातीतून, अक्कल वापरून, कुंभार नाना वस्तू घडवतो.

मी स्वतः जलरंगात काम करते, त्यामुळे माझे मन अडकते ते रेघेपाशी. कुंभाराने ती एका हिसक्यात खरवडून काढली आहे. चित्रकाराला मात्र तीच रेघ पिवळसर थरावर लाल रंगाने भरायची आहे आणि तरीही ती रंगवलेली नव्हे, कोरलेली दिसली पाहिजे. त्यासाठी तिची कड जिथे खडबडीत आहे तिथे खडबडीतच ठेवावी लागते, हात सुधारणा करू पाहत असला तरी. ट्यूलिपचा एक देठ उतरवताना मी तीन कागद खर्च केले आणि तिन्ही वेळा माझी रेघ गुळगुळीत आली.

मला सर्वांत प्रिय आहेत ती ताटाच्या काठाचा टवका उडालेली चित्रे. तो बुजवून ताट अखंड दाखवणे सोपे होते. चित्रकाराने तो जसाच्या तसा ठेवला आहे, आणि त्या नखाएवढ्या जागेत भाजकी लाल माती, तिच्यावर लेपाची बारीक फिकट रेघ आणि वर झिलई असे सगळे थर एकाखाली एक दिसतात.