कोल्हापूर ते बेळगाव: टीजी कार्ड चालतं, आधारचा स्क्रीन मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघा

आधी निकाल सांगते. महाराष्ट्रातलं टीजी कार्ड, म्हणजे आम्हा ट्रान्सजेंडर व्यक्तींचं सरकारी ओळखपत्र, कर्नाटकात चालतं. "इथलं नवीन काढावं लागतं" असं कुणी म्हणालं तर तिथून सरळ उठा. मी उठले नाही, म्हणून माझे पाचशे रुपये आणि अकरा दिवस गेले.

मी मूळची कोल्हापूरची, शिवणकाम करते. जून २०२४ मध्ये बेळगावात शहापूरच्या एका दुकानात कायमचं काम मिळालं आणि मशीनसकट बिऱ्हाड हलवलं. कागल, कोगनोळी, निपाणी, संकेश्वर असा सुमारे ११० किलोमीटरचा रस्ता. तो सोपा आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

तुमच्याकडे ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवरून निघालेलं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र आहे, आधारवर तशी नोंद झालेली आहे आणि दोन-चार दिवस रांगेत उभं राहायची तयारी आहे, असं धरून लिहिते. प्रमाणपत्रच नसेल तर आधी आपल्या जिल्ह्यात काढा, मगच हला. नव्या जिल्ह्यात लगेच अर्ज करता येत नाही, कारण अर्जाच्या तारखेला त्या जिल्ह्यात सलग १२ महिने राहत असल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

हा १२ महिन्यांचा नियम मला पाचशे रुपये गेल्यावर कळला. एका कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. भाडेकराराच्या प्रती काढताना त्या माणसाने माझं कार्ड पाहिलं आणि म्हणाला, "हे महाराष्ट्राचं आहे ताई, इथं चालत नाही. कर्नाटकचं काढून देतो. अडीच हजार, पंधरा दिवसांत हातात." मला खरं वाटलं. सीमाभागात असं पटकन पटतं. इथे दुकानाची पाटी कुठल्या भाषेत यावरून भांडणं होतात, गाडीच्या नंबरावरून माणूस कुठला ते ठरतं, मग कार्डसुद्धा दोन राज्यांची दोन असतील असं वाटलं. पाचशे आगाऊ दिले. अकराव्या दिवशी त्याने सहीसाठी प्रतिज्ञापत्र पुढे केलं, त्यात मी बेळगाव जिल्ह्यात वर्षभर राहते असं टाइप केलेलं होतं. मला येऊन महिनाही झाला नव्हता. मी सही केली नाही. पैसे परत मिळाले नाहीत.

नीट समजून घ्या. ट्रान्सजेंडर व्यक्तींचा कायदा केंद्राचा आहे, २०१९ चा, १० जानेवारी २०२० पासून लागू. नियम २०२० च्या सप्टेंबरातले. प्रमाणपत्रावर सही कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची असली तरी ते देशभर तेच. कर्नाटकात ज्यांना डीसी म्हणतात ते म्हणजे आपले कलेक्टरच, तेही त्याच नमुन्यात प्रमाणपत्र देतात. पोर्टलवरच्या अर्जाला फी नाही. २०२४ मध्ये वैद्यकीय तपासणीचीही अट नव्हती.

आता आधार केंद्र. सगळा त्रास तिथेच झाला.

पत्ता घरबसल्या ऑनलाइन बदलता येतो आणि तुम्ही तसाच बदला. त्यात लिंगाच्या रकान्याला कुणाचा हात लागत नाही. मला ते जमलं नाही, कारण आधारला जोडलेला मोबाइल नंबर माझ्या भावाचा होता. त्या घराशी माझं सात वर्षं बोलणं नाही. ओटीपी त्याच्याकडे जाणार आणि तो मला फोन करणार नाही. नंबर बदलायला तेव्हा केंद्रात जाऊन बोटं टेकावीच लागायची. म्हणून सांगते, गाव सोडायच्या आधी स्वतःचा नंबर जोडून घ्या. जिथली भाषा तुम्हाला येते तिथे हे काम करा. एवढं एक केलं असतं तर बाकीचं काही लिहावं लागलं नसतं.

पहिल्या दिवशी पावसात सकाळी आठला टोकन घेतलं, साडेबाराला नंबर आला, तेवढ्यात सर्व्हर गेला. "नाळे बर्री." उद्या या. बेळगावात राहायचं असेल तर कन्नडमधले हे दोन शब्द सगळ्यात आधी शिकाल.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटरने माझा फॉर्म घेतला. फॉर्मवर मी फक्त मोबाइल आणि पत्ता भरला होता. त्याने स्क्रीनवरचा जुना फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि काहीतरी टाइप केलं. आपल्याला दिसावा म्हणून केंद्रात दुसरा स्क्रीन ठेवलेला असतो. इथे तो भिंतीकडे तोंड करून होता आणि त्यावर कुणाची तरी ओली छत्री टांगलेली होती. मी म्हटलं, जरा दाखवा. तो म्हणाला, सगळं बरोबर आहे. मी परत म्हटलं, दाखवा. त्याने त्याचाच स्क्रीन हातभर फिरवला. लिंगाच्या रकान्यापुढे टिक होती आणि ट्रान्सजेंडरच्या 'टी'च्या जागी पुरुषाचा 'एम' होता.

माझ्या पोटात खड्डा पडला. आधारवर लिंगाची नोंद साधारणपणे एकदाच बदलून मिळते आणि माझी ती संधी मी कोल्हापुरात २०२२ मध्ये वापरली होती. शेवटचं बटण दाबलं गेलं असतं तर अर्ज आधी मर्यादेमुळे नाकारला जाणार, मग आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर फोन, मग बंगळूरच्या विभागीय कार्यालयाकडे विनंती. आठ वर्षं झगडून मिळवलेलं एक अक्षर एका टिकेने पुन्हा वादात सापडलं असतं. मी त्याला कलमं ऐकवली, ट्रान्सजेंडर व्यक्तींची ओळख मान्य करणारा २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल ऐकवला, आवाज चढला. मागची रांग माझ्यावरच चिडली. त्याने विंडो बंद केली. नाळे बर्री.

कलमं बोलून दाखवू नका. काही उपयोग होत नाही. फॉर्मवर लिंगाच्या रकान्यात आडवी रेघ मारा आणि बसताक्षणी सांगा, "फक्त पत्ता आणि मोबाइल, बाकी कशाला टिक नको." अपडेटमध्ये टिक केलेला रकानाच बदलतो. हे सांगायला फार कन्नड लागत नाही, बोट दाखवलं तरी कळतं. टीजी कार्डाची झेरॉक्स जवळ असू द्या, पण मागितल्याशिवाय पुढे करू नका. ती पाहिली की त्यांना वाटतं लिंगाचंच काम आहे आणि ते रकाना उघडतात.

तिसऱ्या दिवशी घरमालकीण काकू बरोबर आल्या. त्यांचं माहेर गोकाकचं, कन्नड पक्कं. स्टूल ओढून त्या ऑपरेटरच्या शेजारीच बसल्या आणि छत्री काढून स्क्रीन आमच्याकडे वळवला. टिका दोनच होत्या, 'टी' जागेवर. मग काकूंनी चष्मा पुसून कन्नडमधलं माझं नाव अक्षर अक्षर मोठ्याने वाचलं आणि थांबल्या. शेवटची वेलांटी गेली होती, नाव बाईचं वाचायच्याऐवजी पुरुषाचं होत होतं. पत्ता कर्नाटकचा झाला की स्थानिक भाषा कन्नड होऊ शकते आणि नाव नव्याने उमटतं. कन्नड वाचता येत नसेल तर वाचणारं माणूस बरोबर न्याच. टीजी कार्ड नसलेल्यालाही हे लागू आहे, पण आपल्याला एक वेलांटी फार महाग पडते.

पैसे किती? तीनशे मागितले. पावतीवर ५० छापलेले होते. पत्ता आणि मोबाइल एकाच बैठकीत बदलले तरी ते एकच अपडेट, २०२४ मध्ये त्याचे ५० च होते. काकूंनी पावती त्याच्यासमोर धरली, दोनशे परत आले. उरलेल्या पन्नाससाठी भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. तुमच्यात असेल तर भांडा. पावती घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका आणि त्यावरचा लिंगाचा रकाना तिथेच वाचा.

बाकीचं भरभर. मतदार यादीसाठी फॉर्म ८, ऑनलाइन झाला. पॅनला हात लावायचं कारण नाही, त्यावर लिंग छापलेलं नसतं. पण आतल्या नोंदीत असतं आणि २०१८ पासून त्यात ट्रान्सजेंडरचा पर्याय आहे. तिथे अजून जुनी नोंद असेल तर आधारशी जुळत नाही, तेवढं बघून घ्या. बँकेत एका दुपारी काम झालं, मॅडम चांगल्या होत्या. ज्यांनी २०१९ च्या त्या कायद्याच्या कलम ७ खालचं स्त्री किंवा पुरुष असं सुधारित प्रमाणपत्र घेतलंय, त्यांनी जुन्या नावाचा एकही कागद बरोबर आणू नये. दोन नावं दिसली की चौकशी सुरू.

एवढा आटापिटा पत्त्यासाठी का, असं वाटेल. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजना आहे. सरकारी साध्या बसमधून बायकांना आणि आपल्यासारख्यांना फुकट प्रवास, पण कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र हवं. कोल्हापूरच्या आधारवर मी दोन महिने पूर्ण तिकीट काढत होते. त्यात कंडक्टरची चूक नव्हती.

ऑगस्टमध्ये नवीन आधार आलं. त्याच आठवड्यात दुकानाच्या कामाला निपाणीला निघाले. बस भरलेली, मी दारापाशी उभी. कंडक्टर म्हणाला, "आधार तोरसरी." मी दिलं. त्याने पत्ता वाचला, खालची ट्रान्सजेंडर ही ओळ वाचली, कार्ड परत दिलं, मशीनचं बटण दाबलं आणि शून्याचं तिकीट फाडून माझ्या हातात ठेवलं. "मुंद होगरी," पुढे व्हा, म्हणाला आणि माझ्यामागच्या बाईकडे वळला.