झाडं वाढली आणि ओढा आटला

हे मॅनहॅटन न्यूयॉर्कचं नव्हे, कॅन्ससचं. माझी मामेबहीण इथल्या कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत पीएचडी करते, गवताळ माळावरच्या ओढ्यांवर. मे महिन्यात मी तिच्याकडे गेले. दुसऱ्याच दिवशी सकाळी लांब रबरी बूट पुढ्यात ठेवत म्हणाली, "ताई, जाळं धरायला माणूस हवंय. चल."

कोंझा प्रेअरी, म्हणजे तिचा तो गवताळ माळ, गावापासून जवळच आहे. साधारण साडेतीन हजार हेक्टर नुसता माळ. फ्लिंट हिल्सच्या या टेकड्यांत चुनखडी, तिच्यात चकमकीचे थर आणि वर माती वीतभर. नांगर चालेना, म्हणून गवत वाचलं. उंच गवताची मूळ प्रेअरी आता ४ टक्केही उरलेली नाही, बाकी सगळी शेतीखाली गेली. आपल्याकडे सोलापूरच्या माळाला कागदोपत्री 'पडीक' म्हणतात, ते आठवून जीव तुटला.

इथे अभ्यासासाठी माळ वाटून घेतलाय तो ओढ्यांच्या पाणलोटांप्रमाणे. कुठे दरवर्षी गवत पेटवतात, कुठे दोन, कुठे चार, तर कुठे थेट वीस वर्षांनी. काही भागांत १९८७ पासून बायसन, म्हणजे तिथले रानगवे, सोडलेत. वाटेच्या डावीकडे एप्रिलमध्ये जाळलेला उतार पोपटी हिरवा होता, एक झुडूप नाही. उजवीकडे, जिथे आग क्वचित लागते, तिथे डॉगवुडच्या झुडपांची जाळी आणि सीडरची झाडं.

मला उजवी बाजू आवडली. सावली होती. तसं म्हटल्यावर ती थांबली. "अगं, हीच झाडं ओढा पितात."

किंग्ज क्रीक या इथल्या ओढ्याचा प्रवाह १९७९ पासून मोजला जातोय. पाऊस घटलेला नाही, पाणी मात्र घटलंय. गवत वरच्या थरातलं पाणी घेतं. झुडपं त्याखालचंही ओढतात, आणि जास्त. काठावरची झुडपं तोडूनही पाहिली, तेवढ्यानं पाणी परतलं नाही. 'झाडे लावा' घोकत वाढलेल्या मला हे पचायला वेळ लागला. पण माळाला माळच राहू द्यावं, हे मला तिथे मनापासून पटलं.

मग पाण्यात उतरलो. दोन काठ्यांना बांधलेलं जाळं मी तळाशी टेकवून धरलं आणि ती वरच्या अंगानं पायांनी गोटे ढवळत आली. जाळ्यात बोटाएवढा मासा आला, ऑरेंजथ्रोट डार्टर. गळा नारिंगी, अंगावर निळे पट्टे. ओल्या तळहातावर क्षणभर कल्ले हलले; लांबी मोजली आणि सोडला. सुळकन दगडाखाली.

मे-जून म्हणजे इथे पावसाचे दिवस. तरी वरचा डोह कोरडा होता. गोट्यांवर शेवाळ कागदासारखं वाळलेलं, पायाखाली कुरकुरत होतं. तिनं वाकून एक गोटा उलटला, खाली ओल आहे का बघितलं, आणि वहीत तारखेपुढे पेन्सिलीनं लिहिलं: मासे ०.