भरल्या फळांचं डाळिंब का तोडलं? तुम्ही विचारलंत म्हणून

चक्कीवर दळण घेऊन गेलं की विचारतात, बचत गटाच्या मीटिंगला विचारतात, माहेरी फोन लावला तरी आई आधी तेच विचारते. ‘काहून तोडलं वं? चांगलं फळानं लदलं होतं ना!’ तुकड्यातुकड्यात सांगून दमले, कोणाला पटत नाही, म्हणून आता एकदाच पूर्ण लिहिते.

झाड सासूबाईंनी लावलेलं होतं हे सगळ्यांना माहीत आहे, ते मला पुन्हा सांगू नका. आणि ‘आपल्याकडं संत्रा लावा, डाळिंब आपलं नाहीच’ हेही आता पुरे. आपलं ऊन डाळिंबाला चालतं, कोरडी हवा तर त्याला मानवतेच. नडते ती काळी माती. पाऊस लागून राहिला की ती पाणी सोडत नाही, आणि डाळिंबाच्या मुळाला साचलेलं पाणी खपत नाही. हे माहीत होतं म्हणून तर आमची डाळिंबाची तिन्ही झाडं मुरूम टाकून उंचवट्यावर लावलेली, बुडातले फुटवे वेळच्या वेळी काढून तीन-चारच खोडं ठेवलेली, निंबोळी अर्क फवारलेला. काळजी घेतली नाही म्हणून झाड गेलं असं जे मागं बोलतात त्यांनी निदान हे तरी ऐकावं.

त्या वर्षी श्रावणापासून झड लागली. गणपती उठले तरी वावरात पाय ठेवता येईना, पऱ्हाटी उभ्या उभ्या पिवळी पडली. डाळिंबाला मात्र मृगाच्या बहाराची, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुललेल्या फुलांची, फळं छान धरलेली. (दरवेळी फुलं गळतात म्हणून घाबरणाऱ्यांसाठी सांगते, बुडाशी निमुळती, घंटीसारखी फुलं नर असतात, ती गळणारच. ज्याचं बूड फुगीर असतं ते फूल फळ धरतं.) नवरात्रात पहिल्या झाडाच्या एका फांदीची पानं पिवळी पडली. एकाच फांदीची, बाकी झाड हिरवंगार. मला वाटलं पाणी जास्त झालं, आळं मोकळं केलं, चर काढून दिला. पण आठवड्याभरात त्या फांदीची पानं झडली आणि फळं तशीच लटकून राहिली, सुकायला लागलेली.

कृषी विज्ञान केंद्रातल्या सरांना फोटो पाठवले. ते म्हणाले फोटोवरून सांगत नाही, फांदी आडवी कापा आणि लाकूड बघा. कापली. निरोगी डाळिंबाचं लाकूड आतून फिकट पिवळसर असतं. यात एका बाजूला काळपट तपकिरी डाग होता, उकळलेल्या चहापत्तीच्या रंगाचा, सालीकडून आत घुसलेला. वीतभर खाली कापलं, तिथंही डाग. अगदी खोडाजवळ कापलं, तिथंही.

मर रोग. बुरशी मातीतून मुळात शिरते आणि झाडाच्या पाणी वाहायच्या वाटाच बंद करते. सुरुवातीलाच कळलं तर मुळाशी औषध ओततात, आम्हीही ओतलं, बाजूच्या दोन झाडांनाही ओतलं. तरी दसऱ्यानंतर त्याच झाडाचं दुसरं खोड पिवळं पडलं.

आता माझं म्हणणं नीट ऐका. ते झाड वरच्या अंगाला होतं. त्याच्या आळ्यातलं पाणी उतारानं दुसऱ्या झाडाकडं, तिथून तिसऱ्याकडं आणि मग कुंपणाखालून शेजारच्या काकूंच्या डाळिंबाकडं जातं. हा रोग पाण्यासोबत, मातीसोबत, मुळाला मूळ लागलं की पसरतो. सांगोला-आटपाडीकडं लोकांच्या बागाच्या बागा मर आणि खोडाला भोकं पाडणाऱ्या किड्यानं गेल्या. माझी तीनच झाडं, पण काकूंच्या झाडाचं काय उत्तर देणार होते मी?

‘फळं तरी उतरू द्यायची होती’ असं म्हणता. मृगाचं फळ तयार व्हायला पौष उजाडतो, आणि डाळिंब कच्चं तोडून आंब्यासारखं आढीत घातलं तर पिकत नाही. तोवर ते झाड उभं ठेवायचं म्हणजे दर पाण्याला रोग खाली पाठवायचा.

तोडलं त्या दिवशी सासूबाई पायरीवर बसलेल्या. ‘लेकुरवाळं झाड हाय माय,’ एवढंच म्हणाल्या. ह्यांनी कुऱ्हाड चालवली, मी सब्बल घेऊन मुळं उकरली. मुळांना गाठी आहेत का ते हातानं चाचपून पाहिलं, नव्हत्या, म्हणजे मुळांत गाठी करणारी सूत्रकृमी, मातीतली डोळ्यांना न दिसणारी कृमी, तीही नव्हती. सासूबाईंनी हिरव्या बाजूची फळं वेचून पदरात घेतली आणि एक फोडलं. दाणे पांढरट, कुठं कुठं गुलाबी. त्यांनी चार दाणे तोंडात टाकले, चार माझ्या हातावर ठेवले. आंबट होते. मग बाकीची फळं घरात न्यायला निघाल्या, आणि सगळं जाळायचं ठरलं होतं म्हणून ती मी त्यांच्या पदरातून काढून घेतली. त्या काही बोलल्या नाहीत. तुम्ही विचारता तेव्हा मला हेच दिसतं, म्हणून मी चिडते.

बाईमाणसानं रस्त्यासाठी झाडं तोडू नका म्हणून ग्रामसभेत भांडावं आणि घरी असं करावं, हे कोणीतरी म्हणालं. बरोबर आहे, भांडले होते. तेव्हाची मी आज समोर आली तर म्हणेल, अर्धं हिरवं होतं ना, ती फांदी छाटून उन्हाळा बघायचा होतास. मी तिला लाकडातला डाग दाखवीन. ती विचारेल, खालची दोन झाडं आज उभी आहेत ती तुझ्या तोडण्यामुळं, की तशीही उभी राहिली असती? याचं उत्तर माझ्याकडं नाही. सरांनाही विचारलं, त्यांनीही छातीठोक सांगितलं नाही. तरी उद्या दुसऱ्या झाडाच्या लाकडात तोच डाग दिसला तर तेही काढीन, आणि तेव्हाही मला त्रास होईल.

खड्डा उन्हाळाभर उघडा तापू दिला. तिथं परत डाळिंब नको म्हणून मी अडून बसलेय, सासूबाई म्हणतात डाळिंबच लाव. अजून रिकामाच आहे.