गगनबावडा ते नृसिंहवाडी : भर पावसातले चार दिवस

चंद्रपूरला दिलेल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, गेल्या पावसाळ्यात प्रथमच जुलै महिन्यात कोल्हापूरला आले. मे महिन्यात पारा 46 अंशांवर गेला की दुपारभर दारे-खिडक्या लावून घरात बसणाऱ्या या गृहस्थांना पोटभर पाऊस पाहायचा होता. मला मात्र तो पाऊस पुढे कोठे जातो, हे त्यांना दाखवायचे होते. आमच्या जिल्ह्यात पाऊस पडतो एका टोकाला आणि पूर येतो दुसऱ्या टोकाला, हे ध्यानात घेतल्याशिवाय येथे पावसाळी सहल आखू नये, असे माझे मत आहे आणि या चार दिवसांत ते अधिक पक्के झाले.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या, तसेच गुप्त मानली जाणारी सरस्वती, प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतात आणि तेथून पुढे पंचगंगा हे नाव लागते. शहराला वळसा घालून, वळणे घेत ती पूर्वेकडे जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. कोल्हापुरात तिची उंची राजाराम बंधाऱ्यापाशी मोजली जाते. तेथे 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी गाठली जाते. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले होते आणि 2021 मध्ये तर 56 फुटांच्याही वर. त्या दोन्ही वर्षी शिरोलीजवळ पुणे-बेंगळूरू महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक खोळंबली होती. जुलै-ऑगस्टमध्ये दोन कोल्हापूरकर भेटले की ‘पाणी किती फुटांवर?’ हा प्रश्न ख्यालीखुशालीच्या आधी येतो. बाहेरून येणाऱ्यांनीही तो रोज सकाळी विचारावा, आणि केवळ आकड्यावर न थांबता काल संध्याकाळपासून किती इंच चढले, हेही विचारावे. 35 फुटांवर स्थिर असलेल्या नदीपेक्षा 32 फुटांवरून झपाट्याने चढणारी नदी प्रवाशाला अधिक गोत्यात आणते.

पहिल्या दिवशी आम्ही गगनबावड्याला गेलो. शहरापासून हे अंतर सुमारे 55 किलोमीटर आहे. स्वतःचे वाहन नसल्यास रंकाळा बसस्थानकावरून एसटी मिळते. बालिंगा मागे पडेपर्यंत रिमझिम होती, कळ्याच्या पुढे ती सरीवर गेली आणि असळजनंतर गाडीच्या काचेवर पाण्याशिवाय काही दिसेना. भाताच्या खाचरांत चिखलणी चालू होती, डोंगराच्या प्रत्येक घळीतून एक पांढरी रेघ खाली उतरत होती, आणि दाजी त्या रेघा मोजण्याचा प्रयत्न करून अखेर थकले. गगनगडावर ढग इतके खाली आले होते की दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. मग वाऱ्याचा एक झोत आला, पडदा बाजूला झाला आणि खाली कोकणात उतरणारी हिरवीगार दरी क्षणभर उघडी पडली. येथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट खाली उतरतात. दोन्हींत पावसाळ्यात दरडी कोसळतात. कडेला ताजी माती किंवा नुकतेच निखळलेले दगड दिसले, तर छायाचित्राच्या मोहाने कातळाखाली गाडी उभी करू नये. थांबायचेच असल्यास उघड्या, सपाट जागी थांबावे.

येथे एक चूक झाली आणि ती सर्वस्वी माझी होती. दुपारी दोनला परत फिरायचे ठरले होते. गरम भजी आणि चहा यांच्या नादात चार वाजले. परतताना मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आले होते. सकाळी याच जागी रस्ता कोरडा होता, हे माझे एकमेव समर्थन. पाणी गुडघ्याएवढेच दिसत होते आणि पुढचा एक ट्रक पार झालाही होता. परंतु त्याखाली रस्त्याची कड शाबूत आहे की वाहून गेली आहे, हे वरून कळत नाही, आणि ट्रकला जे झेपते ते मोटारीला झेपत नाही. आम्ही मागे वळलो. एका शेतकऱ्याने ओळखपाळख नसताना रात्रीपुरता आसरा दिला, ओले कपडे चुलीच्या आडावर वाळत घातले आणि भाकरी, आमटी वाढली. दाजींनी न राहवून विचारले, ‘दरवर्षी रस्ता बंद होतो, मग इथे राहता तरी कशाला?’ त्यावर घरातली आजी म्हणाली, ‘आणि तुमच्याकडं उन्हानं माणसं मरत्यात म्हंत्यात, तुम्ही कुठं गाव सोडलं?’ दाजी हसले आणि पुढचा घास त्यांनी मुकाट्याने घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरले, तेव्हा आम्ही शहर गाठले. सोबत सुके कपडे, रोजची औषधे आणि थोडी रोकड ठेवावी, हा सल्ला या मुक्कामातून आलेला आहे.

तिसऱ्या दिवशी राधानगरी. राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून भोगावतीवर उभे राहिलेले हे धरण सुमारे 8.36 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवते. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय भरला की पाण्याच्याच दाबाने ते उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. एका दरवाजातून 1,428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी सुटते. आम्ही गेलो तेव्हा दोन दरवाजे उघडे होते. दुरूनही तो आवाज छातीत घुमत होता. खालच्या गावांना ‘दरवाजे उघडले’ ही बातमी पाणी येण्याआधी पोहोचते आणि नदीकाठचे मोटारपंप, जनावरे हलवण्याची धावपळ सुरू होते. जवळच्या दाजीपूर अभयारण्यातल्या गव्यांसाठी मात्र पावसाळ्यात येऊ नये. त्या काळात जंगल सफारी बंद असते आणि वाटेवर जळवा भरपूर. वाटेतल्या गावांत कोल्हापूर पद्धतीच्या, म्हणजे नदीत पाणी अडवणाऱ्या कमी उंचीच्या बंधाऱ्यांवरून जवळचा रस्ता कोणी सुचवल्यास नम्रपणे नकार द्यावा. हेच बंधारे सर्वांत आधी पाण्याखाली जातात.

चौथ्या दिवशी आकाश स्वच्छ झाले. हातकणंगल्याच्या पुढे तर लख्ख ऊन पडले होते, आणि नृसिंहवाडीच्या घाटावर मात्र पाणी चढत होते. शिरोळ तालुक्यात मुळात पाऊस कमी. येथे येणारे पाणी सह्याद्रीत पडून उतरलेले असते, आणि कृष्णाही भरलेली असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागे फुगत जाते. दाजींनी पायरीवर एका दगडाची खूण धरली. आम्ही बासुंदी खाऊन परतलो तोवर ती खूण बुडाली होती. पाणी आणखी चढून घाटावरच्या दत्तमंदिरात शिरते आणि तेथील पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाजातून बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविकांची रीघ लागते. त्याहूनही वाढले की उत्सवमूर्ती उंचावरच्या मंदिरात हलवली जाते. पुराला असा मानाचा पाहुणा करून घेणारे गाव मी दुसरे पाहिलेले नाही, परंतु भाविकांनीही दोर आणि स्वयंसेवक असतील तेथेच पाण्यात उतरावे. या नद्यांत मगरी आहेत, ही अफवा नव्हे.

शहरात परतल्यावर प्रयाग चिखलीच्या बाजूला गेलो, तेव्हा ऊस कमरेपर्यंत पाण्यात उभा होता. पूर ओसरताना मागे राहणारा गाळच या मळीच्या रानांना पोसतो, म्हणून पुनर्वसनासाठी सोनतळीला पर्यायी जागा मिळूनही अनेक चिखलीकरांचा जीव जुन्या चिखलीतच गुंतलेला आहे.

ज्यांना पाऊस नको आणि हिरवळ हवी, त्यांनी सप्टेंबरअखेरीस पन्हाळ्यामागच्या मसाई पठारावर जावे. जांभ्या खडकाच्या त्या सड्यावर तेव्हा फुले असतात; वाहन कडेला ठेवून पायी फिरावे, आणि धुके उतरले तर विजेरी असूनही वाट चुकते, म्हणून स्थानिक सोबती घ्यावा. ढगांचा गडगडाट सुरू झाला की उघड्या पठारावर क्षणभरही रेंगाळू नये.

निघताना दाजींनी आम्हाला चंद्रपूरचे आमंत्रण दिले. दिवाळीनंतर केव्हाही या, ताडोबा दाखवतो, म्हणाले. मे महिन्यात यायचे म्हटले, तर दुपारी बारा ते पाच घरात बसायच्या तयारीने या.